पहिल्या टेबलावरची जोडी

सुपरवायझर बाईंनी स्क्रीनवरचा सतरा नंबर बोटाने धरला, खाली ओढला आणि चौथ्या टेबलावर नेऊन सोडला. पहिल्या टेबलावर अठरा नंबर एकटाच उरला. त्याच्या शेजारच्या रिकाम्या चौकटीत त्यांनी तेवीस नंबर आणून बसवला आणि बोट मागे घेतलं. सहा वर्षांची जोडी फोडायला एवढाच वेळ लागला.

काचेपलीकडे, खाली, ते दोन नंबर अजून एकाच चादरीची दोन टोकं धरून उभे होते. नव्या जोड्या सोमवारपासून लागणार होत्या. सतरा नंबर म्हणजे सासू आणि अठरा म्हणजे तिची सून. सगळी लाँड्री त्यांना सासूबाई आणि सूनबाई म्हणूनच ओळखायची, जणू बाकीच्या बायकांना सासवा-सुना नव्हत्याच.

लाँड्री मोठी होती. नऊ हॉस्पिटलांच्या चादरी इथे धुवायला यायच्या. मागच्या बाजूला धुलाई आणि पुढच्या बाजूला घडी. इस्त्रीच्या रोलरमधून चादर गरम गरम बाहेर आली की दोघींनी समोरासमोर उभं राहून ती धरायची, ताणायची, कोपऱ्याला कोपरा जुळवायचा, एकमेकींकडे चालत यायचं, एकीने आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची, वाकून खालची घडी उचलायची, आणि मग पुढची चादर. सहा टेबलं आणि बारा बायका. त्यांतल्या अकरा जणी मिळून करत नसतील एवढा आवाज सासू एकटी करायची.

"अगं वर धर, वर. उजवा हात कुठे चाललाय तुझा, पाहुणा म्हणून? कोपरा खाली लोंबतोय गुडघ्यापाशी. हां. आता ये पुढे दोन पावलं. दोन म्हटलं, तीन नाही. डावीकडे ट्रॉली आहे, तिची काय विचारपूस करायचीय का धडकून?"

सकाळी आठला हे सुरू व्हायचं आणि चारला कामाची वेळ संपली की थांबायचं. सून चकार शब्द काढायची नाही. मान थोडी खाली घालून सांगेल तसं करायची. बाकीच्या बायका आधी चुकचुकायच्या, मग त्यांनाही सवय झाली. एखादी नवी आली आणि तिने डोळे मोठे केले की जुनी तिला सांगायची, "हा आमचा रेडिओ. बंद करायचं बटण नाही त्याला."

सुनेचा नवरा घर सोडून गेला, दुसरीकडे संसार मांडून बसला, आणि सासू मात्र सुनेकडेच राहिली, एवढं सगळ्यांना माहीत होतं. घरात तिसरी एक शाळेत जाणारी मुलगी होती. जायचा तो गेला आणि जाता जाता आईला बायकोच्या गळ्यात बांधून गेला, असं डबा खाताना कुणी तरी म्हणायचं आणि बाकीच्या मान हलवायच्या.

बाईही मान हलवायच्या. त्यांची स्वतःची सासू अकरा वर्षं बोलली आणि मग वारली. भाजी चिरण्यापासून दाराची कडी लावण्यापर्यंत बाईंना एकही गोष्ट धड येत नव्हती, आणि ती अकरा वर्षांत आली नाही. त्यामुळे कुठलीही सासू कुठल्याही सुनेवर ओरडली की बाईंच्या मनातला निकाल आधीच लागलेला असायचा. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, त्याला बाई तरी काय करणार.

त्यात आणखी एक गोष्ट होती, जी फक्त बाईंना ठाऊक होती. सहा वर्षांपूर्वी एके दिवशी सासू लोखंडी जिना चढून वर ऑफिसात आली, दार लोटून घेतलं आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "बाई, माझे डोळे जायला लागलेत. सुनेबरोबर लावलंत तर निभावून नेईन. दुसरीबरोबर नका लावू. आणि कुणाला सांगू नका." तेव्हा जोड्या बाईच लावायच्या, रोज सकाळी, भिंतीवरच्या फळ्यावर खडूने. त्यांनी शब्द दिला आणि दुसऱ्या दिवसापासून पहिल्या ओळीत ही जोडी लिहिली. पुढे पुढे ती ओळ पुसायच्याच बंद झाल्या.

शब्द त्यांनी पाळला, पण मनात अढी बसली. एक तर सुनेच्या डोळ्यांवर आपली नोकरी टिकवायची आणि वर दिवसभर तिलाच बोल लावायचे. चोर तो चोर, वर शिरजोर.

मग सिस्टिम आली. प्रत्येक चादरीच्या शिवणीत तांदळाएवढी चिप शिवली गेली. प्रत्येक टेबलाच्या वर एक काळा डोळा बसला. चादर घडी होऊन खाली पडली की तो मोजायचा, आणि आकडा बाईंच्या स्क्रीनवर यायचा. कोणत्या हॉस्पिटलची चादर आज कुठे आहे, किती वेळा धुतली, कधी फाटायला येईल, सगळं बसल्या जागी कळायला लागलं. पूर्वी चादरी हरवल्या की बाईंना चार जणांची बोलणी खावी लागायची. आता कुणी एक शब्द बोलायला धजत नव्हतं. बाईंना सिस्टिम आवडली होती. हे त्यांनी कुणाकडे कबूल केलं नव्हतं, ते सोडा.

सिस्टिम बसवायला मुख्य ऑफिसातून जो माणूस आला होता त्याला सगळे सिस्टिमवालाच म्हणायचे. टक्कल पडायला लागलेला, बारा महिने सर्दी असलेला, गरीब स्वभावाचा माणूस. जोड्या का बदलायच्या हे त्याने बाईंना रुमालाने नाक पुसत समजावून सांगितलं होतं.

"आत्ता दोघींचा मिळून एक आकडा कळतो, मॅडम. त्यातला कुणाचा किती, ते कळत नाही. तीन आठवडे जोड्या फिरवल्या की प्रत्येकीचा वेगळा आकडा निघेल."

बाईंना ते पटलं. एकीने ओढायचं आणि दुसरीने नुसतं धरून उभं राहायचं, असले प्रकार त्यांनी बावीस वर्षांत पुष्कळ पाहिले होते. त्या स्वतः याच टेबलांवरून वर गेल्या होत्या.

"एक कायम जोडी ठेवता येते तुम्हाला," तो म्हणाला होता. "कारण लिहायचं आणि कुलूप लावायचं. मग सिस्टिम त्या जोडीला हात लावत नाही."

कुलूप कुणाला लावायचं हे उघडच होतं. पण बाईंनी दोन दिवस विचार केला आणि मग सुनेला जिन्यात गाठलं.

"तुला काय वाटतं? जोडी ठेवू का बदलू?"

"आई म्हणतील तसं."

"आईंचं सोड. तुझं सांग."

सुनेने पूर्ण मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. ती नेहमी असंच पाहायची, सरळ तोंडाकडे, म्हणून तर बाईंना ती आवडायची.

"मला आईंबरोबर बरं पडतं," ती म्हणाली.

दुसरं काय म्हणणार बिचारी, असं बाईंना वाटलं. आणि शनिवारी दुपारी त्यांनी सतरा नंबर बोटाने धरून खाली ओढला.

तासाभरात सासू वर आली.

"बाई, माझा नंबर चौथ्या टेबलावर दिसतोय."

"सगळ्यांच्याच जोड्या बदलल्यात."

"एक कायम ठेवता येते म्हणे."

"कुणी सांगितलं?"

"सिस्टिमवाल्याने. सर्दी होती त्याला, मी आल्याचा चहा दिला."

बाईंनी पेन बाजूला ठेवलं. "तुमच्या डोळ्यांचं माझ्या लक्षात आहे. तुमच्यासमोर मी शांत बाई दिलीय. ती सांभाळून घेईल तुम्हाला. तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे."

"सुनेशिवाय मला जमणार नाही."

"तिला जरा मोकळा श्वास घेऊ द्या, सासूबाई."

टेबलाच्या कडेवर वाकडा पडलेला एक कागद सासूने सरळ केला, "बरं," म्हणाली आणि कठड्याला हातसुद्धा न लावता भराभर जिना उतरून गेली. बाईंनी ते पाहिलं, पण पाहून सोडून दिलं.

सोमवारी लाँड्रीत एवढी शांतता होती की रोलरच्या घरघरीतही ती ऐकू येत होती. चौथ्या टेबलावर सासू तोंडातून अक्षर न काढता चादरी घडी करत होती. पहिल्या टेबलावर सून आणि तेवीस नंबर. तेवीस नंबर ही हसरी, बडबडी बाई, तिच्या नादाने सूनही बोलायला लागेल असा बाईंचा हिशेब होता. "सासूबाई रुसल्यात," डबा खाताना कुणी तरी म्हणालं. "रुसू देत. कानाला तेवढीच विश्रांती."

संध्याकाळी आकडे आले. पहिल्या टेबलावर तासाला एकावन्न चादरी. चौथ्यावर अठ्ठ्याहत्तर. कमीत कमी साठ व्हायला हव्यात, अशी रेषा होती. बाईंनी स्क्रीन जरा मागेपुढे केली, जणू त्याने आकडा बदलणार होता. पहिला दिवस आहे, त्यांनी स्वतःला सांगितलं. सहा वर्षं दुसरीचं ओझं वाहिलेल्या माणसाला मोकळं चालायला थोडा वेळ लागतो.

पहिला आठवडा गेला. दुसऱ्या आठवड्यात सिस्टिमने सुनेसमोर नऊ नंबर दिली, ती सगळ्यांत चपळ. आकडा एकोणपन्नासावर आला. सासूसमोर सगळ्यांत सुस्त बाई गेली आणि त्या बाईने जन्मात केल्या नव्हत्या एवढ्या चादरी त्या आठवड्यात केल्या. गुरुवारी सून जिन्याखाली बसून नडगीला बर्फ लावताना दिसली.

"काय झालं गं?"

"ट्रॉली लागली."

"बघून चालावं ना."

"हो बाई," सून म्हणाली, आणि त्या वेळी ती हसली, हे बाईंना पुढे कितीतरी दिवस आठवत राहिलं.

तिसऱ्या आठवड्यात, बुधवारी, सिस्टिमवाला लॅपटॉप घेऊन वर आला. त्याच्या स्क्रीनवर बाराही जणींचे नंबर होते आणि बारा रेघा.

"मजा आहे बघा," तो म्हणाला. "सतरा नंबर जिच्यासमोर जाते तिचा आकडा वाढतो. अठरा नंबर जिच्यासमोर जाते तिचा कमी होतो. दर वेळी."

"उलट लिहिलंत तुम्ही. सतरा म्हणजे सासू."

"मलाही वाटलं आधी. अठ्ठावन्न वय आहे त्यांचं. म्हणून दोनदा तपासलं. मशीनला सासू-सून कळत नाही, मॅडम, ते फक्त नंबर बघतं."

"पण तिचे..." बाई म्हणाल्या आणि थांबल्या. दिलेला शब्द होता.

सिस्टिमवाल्याने नाक पुसलं. "अठरा नंबर रेषेखाली आहे, तिन्ही आठवडे. खालच्या माणसाला धुलाईकडे पाठवायचं असं वरून ठरलंय. शुक्रवारी पाचपर्यंत तुम्ही काही लिहिलंत तर थांबेल. सिस्टिम कोण ते सांगते. का ते तिला कळत नाही. ते तुम्हीच लिहायचं असतं."

धुलाईकडची फरशी कायम ओली असायची. तिथे भिजलेल्या कपड्यांच्या भरलेल्या ट्रॉल्या दोन्ही बाजूंनी ढकलत आणत. पुरुषसुद्धा तिथे वर्षभर टिकायचे नाहीत. धुलाईकडे पाठवणं म्हणजे घरी पाठवण्याचीच सभ्य तऱ्हा होती, हे बाईंना माहीत होतं आणि वरच्यांनाही.

त्या जिना उतरून खाली आल्या. काचेमागून सगळी टेबलं एकदम दिसतात, पण हात दिसत नाहीत. पहिल्या टेबलापासून चार पावलांवर, चादरींच्या ढिगाआड, त्या उभ्या राहिल्या.

रोलरमधून चादर आली. समोरच्या बाईने आपले दोन्ही कोपरे झटकन धरले. सुनेचा डावा हात चादरीवर पडला, पण कोपऱ्यावर नाही. तो कडेकडेने सरकत गेला, शिवणीवरून, बोटांनी चाचपत, कोपरा सापडेपर्यंत. मग उजवा तसाच. समोरची बाई गप्प उभी होती. तिला घाई होती आणि ती दाखवायचीही नव्हती. सून पुढे आली, एक पाऊल जास्त पडलं, दोघींची बोटं एकमेकींवर आपटली. सुनेने खाली लोंबणारी घडी शोधायला मान पूर्ण खाली घातली, मग डावीकडे वळवली, मग उजवीकडे. घडी तिच्या गुडघ्यापाशीच होती.

बाईंना आवाज आठवला. कोपरा खाली लोंबतोय गुडघ्यापाशी. दोन पावलं, तीन नाही. डावीकडे ट्रॉली आहे.

त्या वळून चौथ्या टेबलाकडे बघू लागल्या. तिथे सासू तोंड मिटून, पहिल्या टेबलाकडे न बघितल्यासारखं करत, एकामागून एक चादर उचलत होती. तीन आठवड्यांत तिने कुणालाही काही सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच पडली नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. बाई सहा वर्षं त्या कळशाचा आवाज ऐकत वर बसल्या होत्या.

चहाच्या सुट्टीत त्यांनी सासूला धुतलेल्या चादरींच्या खोलीत बोलावलं. दोन्हीकडे छतापर्यंत पांढऱ्या घड्या होत्या. बाईंनी दार लोटलं.

"डोळे तिचे आहेत ना?"

शेजारच्या थरातली एक घडी बाहेर आली होती, ती सासूने तळहाताने आत सारली.

"मधलं दिसतं तिला," ती म्हणाली. "सुईत दोरा ओवते ती. तुमच्या कपाळावरची आठी दिसते. कडेचं दिसत नाही. नळीतून बघावं तसं. डॉक्टर म्हणाले, नळी बारीक होत जाणार, पण सावकाश."

"आणि मला तुम्ही सांगितलंत की तुमचे डोळे गेले."

"म्हातारीचे डोळे गेले तर लोक म्हणतात, वय झालं. सांभाळून घेतात. तरणीचे गेले तर म्हणतात, हिला घरी बसवा. बत्तीस वर्षांची होती ती तेव्हा. पोर दुसरीत होती."

"आणि ते ओरडणं?"

"हळू सांगितलं असतं तर चार जणींनी कान दिला असता. हिला एवढं सांगावं का लागतं, असं मनात आलं असतं कुणाच्या तरी." सासू पहिल्यांदाच थोडं हसली. "सासू ओरडली तर कुणाला नवल वाटत नाही. सहा वर्षं झाली, एकीनेही विचारलं नाही."

बाई चादरींच्या एका गठ्ठ्यावर बसल्या. घडी मोडेल म्हणून कुणाला तिथे बसू न देणाऱ्या त्याच होत्या.

"मी तिच्या भल्यासाठी केलं, सासूबाई."

"ठाऊक आहे मला. म्हणून तर तुमचा रागही धड करता येईना."

"वर आलात तेव्हाच सांगायचं होतंत."

"तिने शपथ घातलीय. माझ्याखेरीज कुणाला कळता कामा नये. दिवसभर शिव्या खाईन म्हणाली, पण कुणी कीव केलेली चालणार नाही." सासूने आणखी एक घडी सरळ केली. "घरी गेल्यावर मलाच गरम पाणी करून देते, घशाला. ओरडून ओरडून बसतो ना तो."

बाहेर चहाचे कप वाजत होते. सासूने बाईंच्या खांद्याला हात लावला, थोडासा, लहान मुलाला उठवताना लावतात तसा.

"तिला कळू देऊ नका, तुम्हाला कळलंय ते," ती म्हणाली आणि निघून गेली.

शुक्रवारी साडेचारला बाई स्क्रीनसमोर बसल्या. त्यांनी चौथ्या टेबलावरचा सतरा नंबर बोटाने धरला आणि वर, पहिल्या टेबलावर, आपल्या जागी आणून सोडला. मग कुलपाच्या चित्रावर बोट ठेवलं. सिस्टिमने कारणांची यादी पुढे केली. प्रशिक्षण. प्रकृती. कौटुंबिक. इतर. प्रकृतीवर बोट ठेवलं की डॉक्टरचा कागद मागायची आणि तो सगळ्या ऑफिसांना दिसायचा. बाईंनी "इतर" निवडलं. खाली एक ओळ लिहायची जागा आली. त्यांनी तीनदा लिहून तीनदा खोडलं आणि शेवटी लिहिलं, "या दोघी एकत्र असल्या तरच काम नीट होतं." सगळं खरं होतं, आणि कुणाचं काही उघडं पडत नव्हतं.

सिस्टिमने कुलूप मान्य केलं आणि त्याखाली, न विचारता, एक तारीख दाखवली. कुलूप इथवरच चालेल. बाईंनी फोन करून सिस्टिमवाल्याला विचारलं, ही तारीख कुठून आली.

"सतरा नंबरच्या निवृत्तीची आहे ती, मॅडम. चौदा महिने. दोघींतली एक गेली की जोडी संपते ना."

"हो," बाई म्हणाल्या. "संपते." फळ्यावर खडूने लिहिताना असली तारीख कधी डोळ्यांसमोर आली नव्हती.

सोमवारी सकाळी आठला रेडिओ सुरू झाला. "अगं धर ना नीट, झोपेत आहेस का? डावा कोपरा, डावा. तुझा डावा, माझा नाही." बायकांनी एकमेकींकडे बघून कपाळाला हात लावला. संध्याकाळी पहिल्या टेबलाचा आकडा सहासष्ट होता. सुनेची नडगी बरी होत आली होती. बाई वर बसून ऐकत होत्या, आणि आता त्यांना त्या ओरडण्यात एकही फालतू शब्द सापडत नव्हता. प्रत्येक वाक्यात एक अंतर होतं नाही तर एक दिशा. नाही म्हणायला मध्ये मध्ये दोन-चार शब्द खरोखरच सासूपणाचे असायचे. ते तिला मनापासून आवडत असावेत.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत सगळ्या जणी डबे घेऊन मागच्या अंगणात निघाल्या. सून पहिल्या टेबलाशी थांबली होती, रोलर पुसत. दोन-चार बायका दाराशी अजून रेंगाळत होत्या. बाई खाली आल्या, ढिगातली एक चादर त्यांनी ओढली आणि तिची दोन टोकं हातात धरली.

"धर जरा," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षांत हात गेला का बघते माझा."

सुनेने पूर्ण मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मग समोर येऊन उभी राहिली.

बाईंनी चादर ताणली. सुनेचा हात शिवणीवर आला आणि थांबला. "जरा इकडे," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "थोडं वर घेतेस का? हां, असं. आता ये हं पुढे, सावकाश." सून पुढे आली, पाऊल जास्त पडलं, दोघींची बोटं एकमेकींवर आपटली. कोपरा सुटून खाली गेला.

दाराशी रेंगाळणाऱ्या बायकांपैकी एकीने वळून पाहिलं.

सून वाकली, चाचपून कोपरा उचलला आणि उठता उठता, ओठ फारसे न हलवता, म्हणाली, "बाई, रागावून बोला. असं मऊ बोललात तर त्या बघायला लागतील."

आपल्याला कळलंय, हे हिला ठाऊक होतं. कधीपासून, ते विचारायची ही वेळ नव्हती. बाईंनी घसा खाकरला. नुसतं तोंड उघडलं तर अकरा वर्षं ऐकलेलं सगळं आपोआप बाहेर यायला लागलं.

"हात आहेत का ओंडके? वर घे तो. एवढी मोठी झालीस, एक चादर धरता येत नाही? इकडे, इकडे म्हणतेय मी."

त्यांचा स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला. सुनेचे खांदे हलत होते. ती हसू दाबत होती. हात मात्र अजून शिवणीवरच होता.

"नुसतं इकडे म्हणून काय कळणार तिला?" मागून सासूचा आवाज आला. डबा हातात घेऊन ती खांबापाशी उभी होती, आणि केव्हापासून उभी होती कोण जाणे. "किती इकडे, ते सांगा. टीचभर का हातभर. आणि शिवी आधी नाही, नंतर. आधी कोपरा सांगायचा, मग शिवी. तोवर तिचा हात पोचतो."

दाराशी बायका खो खो हसल्या. "घ्या, आता बाईंचीही सुटका नाही," एक जण म्हणाली आणि त्या अंगणात निघून गेल्या.

बाईंनी चादर पुन्हा ताणली. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण दोन्ही हात गुंतलेले होते, पुसायची सोय नव्हती.

"उजवा हात," त्या मोठ्याने म्हणाल्या. "टीचभर खाली. कुठे लक्ष असतं तुझं?"

सुनेचा हात टीचभर खाली आला आणि कोपऱ्यावर बसला.

सासूने डबा टेबलावर ठेवला, चष्मा काढून ॲप्रनला पुसला आणि पुन्हा लावला.

"येईल तुम्हाला," ती म्हणाली. "चौदा महिने आहेत अजून."